पालिकेच्या सोडतीतलं ‘परवडणारं’ घर : हिशेब लागत नाहीये, कुणी समजावेल का?

कांजूरमार्गे

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज राहवलं नाही.

माझा मावसभाऊ भांडुपला भाड्याने राहतो. हातात येणारा पगार ४६ हजार. वहिनी ब्लाउज शिवते, त्याचे महिन्याला तीनेक हजार. वर्षाचे मिळून पाच लाख अठ्ठ्याऐंशी हजार, म्हणजे सरकारी भाषेत ‘अत्यल्प उत्पन्न गट’. मुंबई महानगरात ही मर्यादा सहा लाखांची आहे. महापालिकेने २०२५ च्या ऑक्टोबरात म्हाडासारखी स्वतःची पहिलीवहिली सोडत जाहीर केली, ४२६ घरांची. त्यात भांडुपची घरंही होती. गडी जाम खूश. "दादा, पोरीची शाळासुद्धा बदलायला नको," म्हणाला.

रविवारी त्याच्याकडे पोहे खाता खाता कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. सोडतीतली घरं सुमारे ५४ लाखांपासून एक कोटी सात लाखांपर्यंत. सगळ्यात स्वस्त धरलं, ५४ लाख. दहा टक्के स्वतःचे घातले, तरी ४८ लाख ६० हजारांचं कर्ज. साडेआठ टक्के, वीस वर्षं. हप्ता बसतो ४२ हजारांच्या वर. ४६ मधून ४२ गेले. उरलेल्या चार हजारांत किराणा, वीज, रेल्वेचा पास, पोरीचा क्लास. वहिनी पोह्यांची डिश उचलता उचलता म्हणाली, "आणि मेंटेनन्स?" आम्ही तो धरलाच नव्हता.

पगाराच्या निम्म्यापर्यंत हप्ता बँकेने मान्य केला, तरी कर्ज मिळेल २६ लाख, फार तर २७. बाकीचे २७ लाख कुठून आणायचे? आणि ज्याच्याकडे रोख २७ लाख आहेत तो अत्यल्प गटात कसा?

आता गंमत बघा. जीएसटीच्या नियमात परवडणारं घर म्हणजे ४५ लाखांपर्यंतचं. पंतप्रधान आवास योजना-शहरी २.० मध्ये व्याजाचं अनुदान हवं असेल तर घराची किंमत ३५ लाखांच्या आत आणि कर्ज २५ लाखांच्या आत पाहिजे. म्हणजे पालिकेचं सगळ्यात स्वस्त ‘परवडणारं’ घर दोन्ही व्याख्यांच्या बाहेर. तेही गरिबांसाठी राखीव असलेलं!

माझा प्रश्न साधा आहे. ही घरं पालिकेने स्वतः बांधलेली नाहीत. बिल्डरांना नियमांत सवलती मिळाल्या, जादा एफएसआय (जमिनीच्या मानाने किती बांधता येईल त्याचं प्रमाण) मिळाला, त्या बदल्यात त्यांनी ती पालिकेला दिली. बिल्डरला त्याचा वाटा मिळून गेला. मग माझ्या भावाचा वाटा वाटेत कुठे गळाला?

जाणकारांनी प्रकाश टाकावा. पक्षीय राजकारण नको, ही कळकळीची विनंती.

---

विरार_लेडीज_डबा

प्रकाश काय टाकायचा? ५४ लाखांत मुंबईत घर मिळतंय म्हटल्यावर पेढे वाटा! ;)

गंमत सोडा. आम्ही याच कारणाने विरारला गेलो. रोजचे तीन तास प्रवासात जातात, ते कुठल्या धोरणात धरलेत ते सांगा. वाचत आहे, चांगला धागा.

---

नकाशेबाज

कांजूरमार्गेसाहेब, २२ वर्षं आर्किटेक्टच्या ऑफिसात बसून पालिकेच्या फायली फिरवल्यात, त्या जोरावर लिहितो. लांबेल, चहा घेऊन बसा.

मुंबईत सरकार गरिबांच्या घरासाठी खिशातून पैसे काढत नाही, हवेतून काढतं. हवा म्हणजे एफएसआय, चटईक्षेत्र. १९९१ च्या नियमावलीत शहरात १.३३ आणि उपनगरात १ असा मूळ निर्देशांक होता. त्याच नियमावलीने टीडीआर आणला, म्हणजे एका जागेचा बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरायची सोय. तेव्हापासून एकच खेळ चाललाय : मूळ एफएसआय आखडता ठेवायचा आणि वरचा ‘दिल्यासारखा’ द्यायचा. कधी पैसे घेऊन, कधी घरं घेऊन. आजची नियमावली, म्हणजे डीसीपीआर २०३४, उघडून बघा. विनियम ३३ ची पोटकलमं मोजता मोजता दमाल. म्हाडा वसाहतींना ३३(५), उपकरप्राप्त (दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींना ३३(७), समूह विकासाला ३३(९), झोपडपट्टीला ३३(१०), परवडणाऱ्या घरांना ३३(२०). प्रत्येकात बिल्डरला काहीतरी जादा आणि त्यातलं थोडं कुणाला तरी परत. तुमच्या सोडतीतली घरं विनियम १५ आणि ३३(२०)(ब) मधून आलेली आहेत. १५ म्हणजे ‘समावेशक गृहनिर्माण’ : मोठा भूखंड विकसित करायचा, चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठा, तर २० टक्के हिस्सा अल्प आणि अत्यल्प गटासाठी ठेवायचा. कल्पना चांगली आहे, मला आजही पटते.

आता गळती कुठे ते बघा. ही सगळी कलमं क्षेत्रफळ मोजतात. घर किती मीटरचं, बिल्डरला किती टक्के जादा, पालिकेला किती टक्के. घेणाऱ्याचा पगार फक्त अर्जाच्या खिडकीवर तपासला जातो, तोही ‘सहा लाखांपेक्षा जास्त नाही ना’ एवढंच बघायला. घराची किंमत मात्र भागाप्रमाणे चढते. ५४ लाख ते एक कोटी सात लाख हा फरक कसला आहे? घेणाऱ्यांच्या पगारातला तर नाही. जमिनीच्या भावातला आहे. पात्रता पगारावर आणि किंमत जमिनीवर. दोन रूळ आहेत, ते कुठेच मिळत नाहीत.

आणि ‘किंमत कमी करता येत नाही’ असं कुणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका. २०२४ च्या मुंबई मंडळाच्या सोडतीत म्हाडाने बिल्डरांकडून आलेल्या ३७० घरांच्या किमती जाहिरातीनंतर उतरवल्या. अत्यल्पला २५ टक्के, अल्पला २०, मध्यमला १५, उच्चला १०. बोंब झाली तेव्हा एका निर्णयात झालं.

---

साळसूद

नकाशेबाज, प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला आहे. +१

---

खतावणी

मी एका मध्यम बिल्डरकडे हिशेब बघतो. त्यामुळे आता शिव्या खायला तयार होऊनच लिहितोय.

बिल्डरला एफएसआय ‘मिळतो’ असं सगळे लिहितात. अहो, विकत घेतो तो! फंजिबल, म्हणजे ठरलेल्या एफएसआयच्या वरचा ३५ टक्के, त्याचा प्रीमियम. जिना-लिफ्ट-लॉबीचा प्रीमियम. इमारतीभोवती मोकळी जागा कमी पडली, त्याचा प्रीमियम. वर विकास शुल्क, लेबर सेस. हे सगळं पहिली वीट बसायच्या आधी किंवा बसता बसता भरायचं, आणि ते बँकेच्या साडेआठ टक्क्यांनी नाही. जमीन आणि प्रीमियमसाठी जे पैसे उचलावे लागतात त्याचा दर ऐकलात तर तुमचा चहा थंड होईल. फाइल एका टेबलावर सहा महिने अडकली की त्या सहा महिन्यांचं व्याज फ्लॅटच्या भावात चढतं. साहेबाचं काय जातं?

आता कडू बोलतो. पालिकेलाच जमीन स्वस्त झालेली नकोय. जकात २०१७ च्या जुलैत गेली. जीएसटीची भरपाई येते, पण ती हातात येणारी रक्कम, स्वतः वाढवता येणारी नव्हे. राहिलं काय, तर मालमत्ता कर, जो वाढवायला कुणाची छाती होत नाही, आणि इमारतींचे हे प्रीमियम. बरेचसे प्रीमियम रेडी रेकनरला, म्हणजे जमिनीच्या सरकारी दरपत्रकाला, बांधलेले. रेकनर चढला की तिजोरी भरते. घर स्वस्त व्हावं असं जिला वाटायला हवं तिचीच चूल महाग जमिनीवर पेटते, याला काय म्हणायचं?

---

नकाशेबाज

@खतावणी, दुसऱ्या परिच्छेदाला पूर्ण अनुमोदन. पहिल्यावर मात्र एक आठवण करून देतो. २०२१ मध्ये सरकारने वर्षभरासाठी प्रीमियम निम्म्यावर आणले होते. अट एकच होती, सवलत घेणाऱ्या बिल्डरने ग्राहकाचं मुद्रांक शुल्क भरायचं. त्या वर्षी आमच्या ऑफिसात दिवाळी होती. डिसेंबर संपायच्या आत पैसे भरून घ्यायचे म्हणून रात्री दहापर्यंत चलनं काढत बसायचो. पुढे दोन वर्षं पुरतील एवढे मजले लोकांनी तेव्हा घेऊन ठेवले. तुमच्या शेटने त्या वर्षी फ्लॅटचा चौरस फुटाचा भाव किती उतरवला? खरं सांगा.

---

खतावणी

उतरवला नाही. बाजार घेत होता तो भाव आम्ही लावला. फुकटचं मुद्रांक शुल्क हीच जाहिरात केली. खोटं कशाला बोलू?

---

नकाशेबाज

प्रामाणिकपणाबद्दल आभार. माझं म्हणणं एवढंच की खर्च कमी झाला म्हणून भाव कमी होत नाही. भाव ग्राहकाच्या ऐपतीवर ठरतो, मग वाचलेले पैसे जमीनमालक आणि बिल्डर वाटून घेतात. म्हणून सवलत द्यायचीच असेल तर बदल्यात विक्रीची किंमत लिहून घ्या. नुसते चौरस मीटर लिहून घेऊन भागत नाही.

---

साचाखातं

धागा वाचून वडिलांची पिशवी काढली. प्लास्टिकची, गाठ मारलेली. आत गिरणीचं तिकीट, पीएफच्या पावत्या आणि घराच्या अर्जाची झेरॉक्स. ते साचाखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात होते. ८२ च्या संपानंतर पुन्हा आत गेलेच नाहीत.

१९९१ च्या नियमावलीत गिरणीच्या जमिनीसाठी कलम ५८ होतं. एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. हे राहिलं असतं तर आज लालबाग-परळला स्वस्त घरांवर कुणी धागे काढले नसते. २००१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. वाटणी सगळ्या जमिनीची नाही, फक्त आधीपासून मोकळी असलेल्या जमिनीची. गिरणी म्हणजे शेडच शेड, मोकळी जागा असायची ती किती? प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २००६ मध्ये दुरुस्ती टिकली. एका शब्दाच्या फेरफारात किती एकर गेले ते तुम्हीच मोजा. आता त्या जागी काय उभं आहे ते सेनापती बापट मार्गाने जाताना मान वर करून बघा.

कामगारांना घरं मिळाली, नाही असं नाही. २०१२ ची सोडत ६,९२५ घरांची होती. २०१६ आणि २०२० ला आणखी काही हजार. अर्ज मात्र लाखाच्या वर. आणि आता म्हणतात मुंबईबाहेर शेलू आणि वांगणी घ्या, तिथे ८१ हजार घरं बांधतोय. वांगणी! माझे वडील करी रोडला उतरून चालत कामावर जायचे.

ते २०१९ ला गेले. अर्ज आईच्या नावावर वारस म्हणून चालू आहे. पिशवीला परत गाठ मारून ठेवली.

---

साळसूद

:-( निःशब्द.

---

सी_विंग_१४वा_मजला

एसआरएच्या (झोपडपट्टी पुनर्वसनाच्या) इमारतीत राहतो म्हणून लिहितो. ‘फुकट घर मिळालं, वर तक्रार करतात’ असं कुणीतरी लिहिणारच, त्याच्या आधी.

आधी चांगलं. आईने ३१ वर्षं पहाटे पाचला डबा घेऊन रांग लावली. इथे आल्यावर पहिल्या आठवड्यात ती रात्री दोनदा उठून नुसती संडासातला दिवा लावून बघायची. कुणाला सांगू नको म्हणाली होती, आज सांगतोय. नवीन योजनांत ३०० चौरस फूट देतात. आमचं आधीच्या नियमातलं, २६९. तरी घर आहे.

आता बाकीचं. आमच्या आणि डी विंगच्या मध्ये एवढंच अंतर आहे की समोरच्या काकूंच्या फोडणीत लसूण आहे की हिंग ते मला बेडवर पडून कळतं. पॅसेजमध्ये दुपारी बारालाही ट्यूबलाइट. ती गेली की मोबाइलचा टॉर्च. दोनपैकी एक लिफ्ट दीड वर्ष बंद. सोसायटीकडे पैसे नाहीत, कारण निम्मी घरं मेंटेनन्स देत नाहीत. देणार कुठून? झोपडीत मेंटेनन्स नव्हता, इथे वीज, पाणी, लिफ्ट, वॉचमन. त्याच बिल्डरची विक्रीची इमारत आमच्या शेजारीच आहे. तिला पोडियम, झाडं, वेगळं गेट. आमच्या गेटसमोर तिचा कचऱ्याचा कंपॅक्टर.

---

नकाशेबाज

@सी_विंग, यामागचं गणित सांगतो. झोपु (झोपडपट्टी पुनर्वसन) योजनेत हेक्टरी किमान ६५० घरं बसवायची अट आहे, पूर्वी ५०० ची होती. झोपडीधारक कमी भरले तर उरलेली प्रकल्पबाधितांसाठी. जमिनीचा जेवढा तुकडा पुनर्वसनाला कमी, तेवढा विक्रीला जास्त. मग पुनर्वसनाच्या इमारती एकमेकींना चिकटतात. यात कायदा मोडलेला नाही बरं का! मोकळ्या जागेचे नियम झोपु योजनांसाठी मुद्दाम शिथिल केलेले आहेत. आमच्याच ऑफिसात असे नकाशे काढलेत. मी काढलेत.

गोवंडी-मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंडमध्ये क्षयरोगाचा अभ्यास झाला आहे. हवा-उजेड न येणाऱ्या खालच्या मजल्यांवर त्याचा जोर जास्त, असं त्यात निघालं. घर मोजायचं ते खिडकीसकट मोजायला हवं.

---

परखड_बोलणारच

हे सगळं त्या बाहेरून आलेल्यांमुळे झालंय. आधी त्यांना

*(प्रतिसादाचा उरलेला भाग काढून टाकला आहे. धाग्याचा विषय घरांचं धोरण आहे. - संपादक मंडळ)*

---

कांजूरमार्गे

संपादकांचे आभार.

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. साचाखातं, तुमच्यावर काय लिहावं कळत नाही.

एक बाळबोध शंका. सगळं विकत घेण्यावरच का अडलंय? भाऊ आजही भाडं भरतोयच. पालिकेने ही ४२६ घरं विकण्याऐवजी दहा-बारा हजार भाड्याने दिली असती तर? घर पालिकेचं राहिलं असतं, भावाची पोरगी त्याच शाळेत राहिली असती.

---

नकाशेबाज

बाळबोध नाही. हाच प्रश्न २००८ ला एमएमआरडीएने (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने) विचारला होता. भाडेतत्त्वावरची घरं, १६० चौरस फुटांची, बदल्यात बिल्डरला ४ एफएसआय. बिल्डर आले, कारण ४ एफएसआय होता. पण भाडं कोण गोळा करणार, नळ गळला तर कोण बघणार, भाडेकरू उठला नाही तर कोण उठवणार, यावर सरकारी खात्यांना घाम फुटला. काही वर्षांतच योजनेचा साचा बदलून विक्रीची परवडणारी घरं आली. बांधून झालेल्या घरांपैकी पनवेलजवळ कोनची घरं २०१६ ला गिरणी कामगारांच्या सोडतीत घातली. सरकारला बांधता येतं, विकता येतं. घरमालक म्हणून नांदता येत नाही.

२०२५ च्या मे महिन्यात मंत्रिमंडळाने नवं गृहनिर्माण धोरण मंजूर केलं, ‘माझे घर, माझा अधिकार’. आधीचं २००७ चं होतं. नव्यात २०३० पर्यंत ३५ लाख घरं, ७० हजार कोटींची गुंतवणूक आणि भाड्याच्या घरांचाही उल्लेख आहे. कागद वाईट नाही. पण भाडं गोळा करणारा माणूस कोण, हे मी त्यात शोधतोय.

---

विरार_लेडीज_डबा

आणि स्वस्त असलं म्हणजे झालं असंही नाही हं. माहुलची घरं आठवतात? पालिकेने आपल्याच कर्मचाऱ्यांना १२ लाख ६० हजारांत देऊ केली, २२५ चौरस फूट. हजारोंनी घरं आणि घ्यायला माणूस नाही! माझी एक मैत्रीण पालिकेत आहे, तिला विचारलं तू का नाही घेतलंस. म्हणाली, "फुकट दिलं तरी रिफायनरीच्या शेजारी लेकरं घेऊन कोण जाणार?" तिथे आधी तानसा जलवाहिनीच्या बाजूचे लोक नेऊन ठेवले होते, ते न्यायालयात गेले. कुठे ५४ लाखांचं घर आणि कुठे साडेबारा लाखांचं, दोन्ही आपल्या उपयोगाची नाहीत. मधलं काही नाहीच का?

---

सी_विंग_१४वा_मजला

मधलं आहे ना. वरळीची बीडीडी चाळ. १६० फुटांच्या खोलीतून ५०० फुटांत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ५५६ जणांना चाव्या मिळाल्या. म्हाडाने स्वतः अंगावर घेतलं, बिल्डर फक्त ठेकेदार. आमचा एक नातेवाईक आहे तिथे. घर बघून आलो, दोन दिवस नीट झोपलो नाही.

---

खतावणी

बीडीडीची जमीन सरकारी आणि वरळीची, म्हणून ते गणित जुळलं. विक्रीचे टॉवर तिथे सोन्याच्या भावाने जातील. भांडुप-मानखुर्दला तसं जुळवून दाखवा. आणि उलट बाजूही बघा. गोरेगावची पत्राचाळ, तिथेही म्हाडाच होती, खासगी विकासकाबरोबर. २००८ चा करार, ६७२ कुटुंबं, भाडं बंद, शेवटी म्हाडालाच इमारती पूर्ण कराव्या लागल्या. जागेवर लक्ष ठेवणारा माणूस नसेल तर कुठलंही मॉडेल बुडतं.

---

नकाशेबाज

यावर माझे-तुमचे मतभेद नाहीत, आश्चर्य आहे! एक चांगली गोष्टही नोंदवतो. झोपु प्राधिकरण आता दोन वर्षांचं भाडं आगाऊ आणि तिसऱ्या वर्षाचे धनादेश घेतल्याशिवाय झोपड्या रिकाम्या करू देत नाही. कलम साधंच, पण त्यात रुपये लिहिलेत. म्हणून बिल्डर त्याला घाबरतात.

कांजूरमार्गे, सोडतीच्या घरावर दोन गोष्टी भावाला सांगा. घेतलंच तर वहिनींच्या नावावर घ्या, मुद्रांक शुल्क सहाऐवजी पाच टक्के लागेल, ५४ लाखांवर ५४ हजार वाचतात. आणि अर्ज भरण्याआधी बँकेचं कर्जमंजुरीचं पत्र हातात घ्या. सोडतीत नाव लागून पैसे उभे न राहिल्याने घर परत करणारे मी म्हाडाच्या रांगेत पाहिलेत. फार वाईट चेहरा असतो तो.

---

कांजूरमार्गे

धन्यवाद, सगळं त्याला वाचून दाखवलं.

बँकेत जाऊन आला. २४ लाख म्हणाले. अर्ज भरला नाही. अनामत रकमेसाठी बाजूला काढलेले पैसे पोरीच्या दहावीच्या क्लासला भरून टाकले.

तरी काल संध्याकाळी स्टेशनवरून येताना मुद्दाम वाट वाकडी करून ती इमारत बघून आला. फोटो पाठवलाय मला. सातव्या मजल्याला लाल रंगात गोल केलाय आणि खाली लिहिलंय, ‘पूर्वेची खिडकी’. सोडतीच्या दिवशी निकाल बघणार आहे म्हणतो. मी म्हटलं, अर्जच नाही तर बघायचं काय? तर म्हणाला, "आपल्या घरात कोण राहायला येतंय ते तरी कळू दे."